फेब्रुवारीची अठ्ठावीस पाने

वाचकहो, फेब्रुवारी महिना जवळ आला की आपल्या बेटावरच्या मुलांचे डोळे दोन गोष्टींकडे लागतात. एक म्हणजे वादळाचा इशारा. कारण इशाऱ्याचा वर्ग चढला की शाळांना कुलूप. दुसरी म्हणजे पहिल्या तारखेची सुट्टी. एकदा जानेवारीच्या अखेरीस आम्ही मराठीच्या तासाला सहज विचारले, "मुलांनो, एक फेब्रुवारीला काय असते?" सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "सुट्टी, गुरुजी!" "ती कशाची?" असे विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी एक मुलगी चाचरत म्हणाली, "गुलामांची." तिचे चुकले असेही म्हणवेना आणि बरोबर आहे असेही म्हणवेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक चिरंजीव उठून उभे राहिले. वहीच्या शेवटच्या पानावर गिटारची चित्रे काढण्यात यांचा हातखंडा. ते म्हणाले, "गुरुजी, रॉक संगीतातसुद्धा फेब्रुवारीत पुष्कळ काही घडले आहे." आणि त्यांनी तारखा धडाधड म्हणून दाखवल्या. तीन तारखेला विमान पडले, सात तारखेला बीटल्स अमेरिकेत उतरले, तेरा तारखेला ब्लॅक सबाथची पहिली तबकडी निघाली. ज्या मुलाच्या लक्षात पानिपतच्या लढाईचे साल तीनदा सांगूनही राहत नाही, त्याला हे सारे सालवार पाठ! आम्हाला आधी राग आला, मग हसू आले आणि घरी जाताना विचार पडला.

अध्यापक-प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. तारीख म्हणजे भिंतीतली खुंटी. नुसत्या खुंट्या ठोकून काही होत नाही. खुंटीला काय टांगले आहे ते महत्त्वाचे. या मुलाकडे खुंट्या भरपूर होत्या, पण त्या रिकाम्या होत्या. आणि एक फेब्रुवारीची खुंटी तर आपल्या स्वतःच्या घरातली, तीही रिकामीच. तेव्हा आम्ही ठरवले की वर्गाच्या मागच्या भिंतीवर फेब्रुवारीची अठ्ठावीस पाने लावायची. नियम दोनच. पानावर काय घडले ते लिहायचे आणि त्याच्याखाली 'का?' या प्रश्नाचे उत्तर लिहायचे. ज्या तारखेचा 'का' सापडणार नाही, ते पान कोरे राहील.

रॉकचे नाव निघाल्यावर वर्गाबाहेरचे मित्रही येऊन बसू लागले. क्रेओल, तमिळ, मुसलमान, चिनी अशा सगळ्या घरांतली मुले मधल्या सुट्टीत भिंतीपुढे गर्दी करू लागली. त्या भिंतीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिले पान

पहिले पान आम्ही स्वतः मुलांबरोबर बसून लिहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश पार्लमेंटने तो कायदा १८३३ सालीच केला होता. आपल्या बेटावरची साठ हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मोकळी झाली, पण ती कागदावर. कारण 'शिकाऊ' असे नवे नाव देऊन त्यांना जुन्याच मालकांकडे राबवले गेले आणि ते बंधन १८३९ साली सुटले. भरपाई दिली गेली, तीही राबणाऱ्यांना नव्हे, मालकांना. साऱ्या वसाहतींसाठी मिळून २ कोटी पौंड मंजूर झाले होते, त्यांतले सुमारे २० लाख पौंड मॉरिशसच्या मालकांच्या पदरात पडले. ज्यांच्या पाठीवर वळ होते, त्यांना एक पेनीसुद्धा मिळाली नाही. हे ऐकून मुले गप्प झाली. मग एकाने विचारले, "गुरुजी, मग उसाचे काम कोणी केले?"

हाच तो 'का'. उसाचे काम करायला आपले लोक आणले गेले. ॲटलस नावाच्या जहाजातून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले तो दिवस २ नोव्हेंबर १८३४, म्हणजे गुलामगिरी संपण्याच्या तीनच महिने आधीचा. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आली. मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले पूर्वज त्यांतलेच. म्हणजे एकाची बेडी सुटली आणि त्याच्या जागी दुसऱ्याच्या अंगठ्याला शाई लागली. आप्रवासी घाटाला २००६ साली आणि गुलामांच्या आठवणींनी भारलेल्या ल मॉर्नच्या डोंगराला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. दोन वर्षांच्या अंतराने मिळालेले हे दोन मान म्हणजे एकाच गोष्टीचे दोन अध्याय आहेत. पण आपल्यापैकी किती जणांनी आपली मुले दोन्ही ठिकाणी नेली आहेत?

याच तारखेला, १ फेब्रुवारी १९६० रोजी, अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी बसले. ते टेबल फक्त गोऱ्यांसाठी राखलेले होते. त्यांना कोणी काही वाढले नाही. ते दुकान बंद होईपर्यंत शांतपणे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. त्याच वर्षी जुलैत त्या दुकानाला आपला नियम मोडावा लागला. गुलामगिरी कायद्याने संपली तरी ती माणसांच्या मनातून जायला किती वर्षे लागतात, ते या एका तारखेवरून मुलांना कळले.

आता आमच्या गिटारवाल्या चिरंजीवांची पाळी आली. आम्ही विचारले, "तुझ्या रॉकचा आणि या पानाचा काय संबंध?" तो म्हणाला, "काही नाही." आम्ही त्याला घरी शोधून आणायला सांगितले. दोन दिवसांनी तो आला तो चेहरा बदलूनच. रॉक अँड रोलचे मूळ काळ्या लोकांच्या ब्लूजमध्ये आणि त्यांच्या देवळातल्या गाण्यात आहे, आणि ते गाणे कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांनी जन्माला घातले, हे त्याला सापडले होते. चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांनी ते विजेच्या गिटारवर आणि पियानोवर चढवले. गोऱ्या मुलांनी ते उचलले आणि जगभर नेले. आपल्या सेगाची कथा तरी याहून काय निराळी आहे? रावानवर शेळीचे कातडे ताणायचे, आगीवर शेकून ते तापवायचे आणि मग वाजवायचे, हे उसाच्या मळ्यातल्या गुलामांनीच जपले. पूर्वी ज्या सेगाला प्रतिष्ठित घरांत कोणी थारा देत नसे, त्याला युनेस्कोने २०१४ साली मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात हलगीही आगीवरच शेकतात, हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा एक क्रेओल मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमचीपण रावान आहे!" त्याच्या या वाक्यासाठी तरी हा खटाटोप केल्याचे सार्थक झाले.

विमान आणि नाणे

तीन तारखेचे पान चिरंजीवांनी स्वतः लिहिले. १९५९ सालच्या हिवाळ्यात तीन गायक अमेरिकेच्या उत्तर भागात गावोगाव कार्यक्रम करीत फिरत होते. टेक्ससचा बडी हॉली २२ वर्षांचा, कॅलिफोर्नियाचा रिची व्हॅलेन्स अवघा १७ वर्षांचा आणि 'बिग बॉपर' या नावाने गाजलेला जे. पी. रिचर्डसन २८ वर्षांचा. प्रवास बसने, आणि बसमधली उष्णतेची व्यवस्था सारखी बिघडे. थंडी इतकी की ढोल वाजवणाऱ्याचे पाय गारठून त्याला इस्पितळात ठेवावे लागले. शेवटी कंटाळून हॉलीने आयोवातल्या क्लिअर लेक येथील कार्यक्रमानंतर एक छोटे विमान भाड्याने घेतले. जागा चारच, त्यांतली एक वैमानिकाची. रिचर्डसनला ताप होता म्हणून वेलन जेनिंग्ज या वादकाने आपली जागा त्याला दिली. दुसऱ्या जागेसाठी नाणे उडवले गेले आणि नाण्याचा कौल व्हॅलेन्सच्या बाजूने पडला. मध्यरात्रीनंतर विमान उडाले आणि थोड्याच वेळात बर्फाळ शेतात कोसळले. चौघांपैकी कोणीही वाचला नाही.

खाली 'का?' या प्रश्नापुढे चिरंजीवांनी लिहिले होते, 'नशीब.' आम्ही ते खोडायला लावले. सरकारी चौकशीत काय निघाले ते त्याने वाचून काढले तेव्हा कळले, की २१ वर्षांच्या त्या वैमानिकाकडे केवळ उपकरणांच्या भरवशावर उड्डाण करण्याचा परवाना नव्हता आणि वाटेतल्या खराब हवेची पुरती माहितीही त्याला दिली गेली नव्हती. थकलेली माणसे, मोडकी बस, घाईत आखलेला दौरा आणि अपुरी खबर. नाणे फक्त कोण बसणार एवढेच ठरवते. विमान का पडते ते माणसांच्या हयगयीत शोधावे लागते. आपल्या बेटावर एखादी बस उलटली की आपणही 'नशीब' म्हणून मोकळे होतो. तेव्हा हे पान नुसते अमेरिकेचे नाही.

व्हॅलेन्सविषयी एक गोष्ट आम्हाला फार लागून राहिली. त्याचे सर्वात गाजलेले गाणे 'ला बाम्बा' हे मुळात मेक्सिकोतले लोकगीत, स्पॅनिश भाषेतले. पण हा मेक्सिकन वंशाचा मुलगा इंग्रजी बोलतच वाढला होता. गाण्याचे शब्द त्याला आवाज ऐकून पाठ करावे लागले. तरीही १९५८ साली त्याने ते रॉकच्या ठेक्यावर गायले आणि आजोबा-पणजोबांचे गाणे साऱ्या अमेरिकेच्या ओठांवर नेऊन ठेवले. वाचकहो, गणेश चतुर्थीला आपली मुले आरती म्हणतात तेव्हा त्यांतल्या कितीजणांना शब्दांचा अर्थ कळतो? घरात क्रेओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि आरतीपुरती मराठी. आम्हाला याची खंत वाटते आणि ती आम्ही या पानावर पूर्वीही मांडली आहे. पण व्हॅलेन्सचे पान वाचल्यापासून पाठ केलेल्या शब्दांना आम्ही कमी लेखत नाही. पाठांतर हा शेवट नसावा, पण ती सुरुवात असू शकते.

वादळाचे आणि मार्लीचे पान

सहा तारखेच्या पानावर भांडण जुंपले. एका मुलीच्या आजीने सांगितले होते की ६ फेब्रुवारी १९७५ रोजी जर्वेझ वादळाने बेट झोडपले. ते पान वादळाचेच असले पाहिजे. दुसरा गट म्हणे की ६ फेब्रुवारी १९४५ ही बॉब मार्लीची जन्मतारीख. आम्ही पान मधोमध दुमडून दोघांनाही जागा दिली.

मार्ली जमैकात नाइन माइल नावाच्या खेड्यात जन्मला. आई काळी, वडील गोरे. म्हणून लहानपणी दोन्हीकडून टोमणे. जमैकाही आपल्यासारखेच उसाचे बेट, तिथेही गुलाम आणि त्यांच्यानंतर करारबद्ध हिंदुस्थानी मजूर. १९७८ साली जमैकात दोन राजकीय पक्षांच्या समर्थकांत रक्तपात चालला असताना मार्लीने एका मैफलीत दोन्ही पक्षांच्या नेत्यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. त्याने हिंसा थांबली असे नाही. पण गाणारा माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ही दोन्ही मापे त्या प्रसंगात मिळतात. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. रेगेच्या ठेक्यात आपल्या सेगाचा ठेका मिसळून पुढे आपल्या बेटावर 'सेगे' जन्माला आले. त्याची हकीकत एकवीस तारखेच्या पानावर येईल.

सात ते तेरा

दुसऱ्या आठवड्याची पाने सर्वात झपाट्याने भरली. ७ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले. त्या विमानतळाला केनेडींचे नाव देऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला होता. दोन दिवसांनी, ९ फेब्रुवारीच्या रात्री, एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन-कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी या चार मुलांना पाहिले. मुलांनी 'का?' खाली लिहिले, 'दुःखात असलेल्या देशाला हसायचे होते.' उत्तर पुरते नसेल, पण वाईट नाही. त्यांत आम्ही एक भर घातली. लिव्हरपूलच्या या मुलांनी अमेरिकेला जे ऐकवले ते बरेचसे अमेरिकेच्याच काळ्या गायकांकडून शिकलेले होते, आणि याची जाणीव त्यांना होती. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे काळ्या आणि गोऱ्या श्रोत्यांना वेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असे त्यांनी बजावले; आणि तिथे सारे एकत्र बसले.

अकरा तारखेला पुन्हा दोन गोष्टी. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीची दहा गाणी लंडनच्या ॲबी रोडवर एकाच दिवसात ध्वनिमुद्रित केली. जॉन लेननला सर्दी होती आणि घसा बसत चालला होता. म्हणून सर्वात जास्त ओरडायला लावणारे गाणे मुद्दाम शेवटी ठेवले. अभ्यास शेवटच्या रात्री करणाऱ्या मुलांनी याचा भलता अर्थ काढू नये. त्या एका दिवसामागे हॅम्बर्गच्या नाचघरांतले कित्येक महिन्यांचे रात्र रात्र वाजवणे होते.

दुसरी गोष्ट ११ फेब्रुवारी १९९० ची. त्या दिवशी दुपारी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कैदेनंतर तुरुंगाच्या दारातून पायी चालत बाहेर आले. इथेही संगीताचा धागा आहे. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी गायक-वादकांनी दिवसभर मैफल केली आणि ती साठांहून अधिक देशांत दाखवली गेली. ज्या माणसाचा चेहरा जगाने पंचवीस वर्षे पाहिला नव्हता, त्याचे नाव त्या दिवशी घराघरांत गेले. मंडेला गाण्याने सुटले असे कोणी म्हणू नये. ते सुटले त्यांच्या लोकांच्या लढ्याने, जगाच्या आर्थिक बहिष्काराने आणि त्यांच्या स्वतःच्या धीराने. पण विसरलेल्या माणसाला सोडवणे कठीण असते, आणि विसरू न देण्याचे काम गाण्याने केले.

तेरा तारखेचे पान काळ्या शाईने लिहिलेले. १३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार. इंग्रजांच्या समजुतीप्रमाणे अशुभ दिवस. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथची पहिली तबकडी निघाली. हे संगीत आमच्या कानांना फार कर्कश लागते, हे कबूल करतो. पण त्यामागची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगावी अशी आहे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटे. सगळे संपले असे वाटत असताना कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे अधू झालेला हा जिप्सी वादक उरलेल्या दोन बोटांनी अप्रतिम गिटार वाजवीत असे. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. ज्या जड, खर्जातल्या आवाजावर पुढे जगभरच्या मुलांनी जीव टाकला, तो आवाज घडायला ती तुटलेली बोटे कारण झाली. त्यांचा गायक ऑझी ऑसबोर्न जुलै २०२५ मध्ये वारला. त्याच्या सतराच दिवस आधी त्याने आपल्या गावी बसून शेवटची मैफल गायली होती.

ऋषिकेश ते ढाका

महिन्याच्या मध्याला पान हिंदुस्थानात आले. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स गंगेकाठी ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला गेले. जॉन आणि जॉर्ज आधी पोहोचले, पॉल आणि रिंगो काही दिवसांनी. रिंगोला मसाल्याचे जेवण सोसेना. तो डब्यातल्या घेवड्याच्या दाण्यांवर दिवस काढून सर्वांआधी परतला. बाकीच्यांचे ध्यान किती झाले ते महर्षी जाणोत, पण गाणी मात्र ढीगभर झाली. त्यांतली पुष्कळशी त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या पांढऱ्या वेष्टनाच्या तबकडीवर आहेत.

जॉर्ज हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ चा. ऋषिकेशच्या आधीच्या महिन्यात तो मुंबईत होता. तिथल्या ध्वनिमुद्रणशाळेत त्याने एका चित्रपटासाठी हिंदुस्थानी वादकांकडून संगीत वाजवून घेतले. संतूरवादक शिवकुमार शर्मा त्यांत होते. पंडित रविशंकरांकडे तर तो शिष्य म्हणूनच गेला होता. १९७१ साली पूर्व बंगालमध्ये हत्याकांड चालले आणि लाखो निर्वासित हिंदुस्थानात लोटले, तेव्हा रविशंकरांनी त्याच्याजवळ मन मोकळे केले. त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशसाठी मदतमैफल झाली. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये नुसती सुरात लावली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजींनी हसून आभार मानले आणि सूर लावणे एवढे आवडले तर वादन अधिक आवडेल, अशी आशा व्यक्त केली.

पण 'का?' विचारत मागे गेले की या मैफलीची वाट पोहोचते ती दुसऱ्या एका फेब्रुवारीत. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आपल्या बंगाली भाषेला राज्यभाषेचा मान मिळावा म्हणून निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि तरुण मुले प्राणास मुकली. वीस वर्षांत त्या ठिणगीतून नवा देश उभा राहिला. १९९९ साली युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला.

एकवीस तारखेचे दुसरे पान

इथवर सारे सुरळीत चालले होते. मग एका क्रेओल मुलाने हळूच विचारले, "गुरुजी, एकवीस तारखेला काया लिहायचे का?"

तरुण वाचकांसाठी सांगतो. जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, ज्याला सारे 'काया' म्हणत, हा रॉश ब्वा वस्तीतला गायक. मार्लीच्या एका तबकडीवरून त्याने हे नाव घेतले होते. रेगे आणि सेगा एकत्र करून सेगे रुजवण्यात त्याचा वाटा सर्वात मोठा. १६ फेब्रुवारी १९९९ रोजी रोझ हिलला गांजाविषयीचा कायदा सैल करावा म्हणून मैफल झाली. तीत तो गायला. त्यानंतर त्याला गांजाच्या आरोपावरून अटक झाली आणि २१ फेब्रुवारीला पोलीस कोठडीत तो मृतावस्थेत आढळला. मृत्यूच्या कारणावरून पुढे पुष्कळ वाद झाला. पुढचे काही दिवस देश पेटला. दुकाने लुटली गेली, गाड्या जळल्या, माणसे मेली. बर्जर आगात हा आणखी एक गायक गोळी लागून गेला. आणि सर्वात वाईट म्हणजे, पोलिसांविरुद्धचा संताप बघता बघता जातीजमातींच्या संशयाकडे वळला.

आमच्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, "जुनी जखम कशाला उकरता? ढाक्यावर पान भरले आहे, तेवढे पुरे." हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. दोन रात्री आम्ही विचार केला.

आम्ही त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होतो. रस्ते बंद, पाव येत नव्हता, संध्याकाळी दारे लावून सारे रेडिओभोवती बसत. आमच्या कुंपणापलीकडे एक क्रेओल कोळ्याचे कुटुंब राहत असे. चाळीस वर्षांचा शेजार. पण त्या दोन दिवसांत कुंपणावरून कोणी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आमची आजी उठली, घरात होते त्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि अर्ध्या पदराखाली घेऊन कुंपणाशी गेली. पलीकडून त्या घरची म्हातारी सुक्या मासळीचे भांडे घेऊन आधीच येऊन उभी होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आजीचे क्रेओल मोडके आणि त्या बाईला मराठी मुळीच नाही. दोघी थोडा वेळ रडल्या आणि भांडी बदलून आपापल्या घरी गेल्या. त्या रात्री दोन्ही घरांत भाकरी आणि मासळी होती.

आम्ही मुलांना ही गोष्ट सांगितली आणि पान लिहायला परवानगी दिली. अट एकच: ज्यावर सर्वांचे एकमत आहे तेवढेच लिहायचे. नाव, तारीख, त्याने संगीतात काय केले, तो कुठे मेला आणि नंतर काय झाले. 'का?' या प्रश्नापुढे मुलांनी बराच वेळ काही लिहिले नाही. शेवटी त्या क्रेओल मुलाने लिहिले, 'कारण आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो.' खाली आमच्या गिटारवाल्या चिरंजीवांनी मराठीत तेच वाक्य लिहिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. आम्ही त्या सुधारल्या नाहीत. ते पान पाहायला आमचे सहकारीही आले. बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता गेले.

उरलेली पाने

एकोणीस तारखेला शिवजयंतीचे पान झाले. १६३० सालची शिवनेरीची तारीख आमच्या मुलांना न विचारता येत होती, याचा आनंद वाटला. सत्तावीस तारखेला मराठी भाषा दिन. कवी कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेही मुलांनी लिहिले. त्याच पानावर एका मुलीने आपणहून जोडले की क्रेओल भाषा २०१२ सालापासून आपल्या प्राथमिक शाळांत शिकवली जाते. आपली भाषा जपायची म्हणजे शेजाऱ्याच्या भाषेला नाक मुरडायचे असे नव्हे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. अठ्ठावीस तारखेला कॅरोल वादळ, १९६० सालचे. गवताची आणि पत्र्याची घरे उडून गेली आणि त्यानंतर बेटावर सिमेंटची घरे उभी राहू लागली. आज आपण इशारा ऐकून निवांत बसतो ते त्या घरांमुळे.

महिना संपल्यावर आम्ही पुन्हा विचारले, "एक फेब्रुवारीला काय असते?" या वेळी 'सुट्टी' असे कोणी म्हणाले नाही. काही पाने मात्र कोरीच राहिली. ती आम्ही तशीच ठेवली आहेत. वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: फेब्रुवारीतली कोणती तारीख तुम्हाला आठवते? कॅरोलची रात्र, कास्काव्हेलची एखादी झाकरी, पहिला रेडिओ, कोणा शेजाऱ्याने दिलेले ताट. आजोबा-आजी सांगतील ते मुलांकडून लिहून घ्या आणि त्याच्याखाली 'का?' असे लिहायला सांगा. उत्तर शोधायला मुले उठली की बाकीचे काम तीच करतील.